अनंतातून अनंत वजा करून आलेल्या उत्तरावर विश्वास का ठेवावा? (क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्स)

वेताळटेकडी (धागाकर्ता)

प्रकाश आणि विद्युतभारित कण एकमेकांशी कसे वागतात हे सांगणाऱ्या क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्सविषयी (पुढे थोडक्यात क्यूईडी) दोन गोष्टी नेहमी कानावर येतात. पहिली अशी की मोजमापाशी इतका काटेकोर जुळणारा दुसरा सिद्धांत भौतिकशास्त्रात नाही. दुसरी अशी की त्याच्या आकडेमोडीत जागोजागी अनंत येते आणि ते वजा करून टाकावे लागते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे नीट समजून घेण्यासाठी हा धागा काढत आहे. प्रतिसाद देणाऱ्यांनी गणिताला बगल देऊ नये आणि आकडा दिल्यास तो कुठून आला तेही सांगावे, एवढी विनंती.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १९२७ मध्ये डिरॅक यांनी विद्युतचुंबकीय क्षेत्रालाच क्वांटमचे नियम लावले. उत्तेजित अणू कोणी न डिवचता आपोआप प्रकाश का सोडतो, याचे उत्तर तेव्हा प्रथमच मूळ समीकरणांतून निघाले. आइन्स्टाइन यांनी त्या उत्सर्जनाचा दर १९१६-१७ मध्येच मांडला होता, पण तो गृहीतक म्हणून. १९२८ मध्ये डिरॅक यांचे इलेक्ट्रॉनचे समीकरण आले आणि इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय आघूर्णाचा (तो किती ताकदीचा चुंबक आहे त्या मापाचा) गुणक, ज्याला 'जी' म्हणतात, तो बरोबर २ असावा असे त्यातून निघाले. मात्र इलेक्ट्रॉन स्वतःच सोडलेला फोटॉन स्वतःच पुन्हा शोषतो, त्या क्रियेचा ऊर्जेवरील परिणाम मोजायला गेल्यावर १९३० पासूनच उत्तर अनंत येऊ लागले. त्यामुळे पुढची सतरा वर्षे लोक पहिल्या पायरीचे उत्तर काढत, ते प्रयोगाशी बऱ्यापैकी जुळे, आणि दुसऱ्या पायरीला हात लावणे टाळले जाई.

१९४७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील प्रयोगांनी हे टाळणे अशक्य करून टाकले. लॅम्ब आणि रेदरफर्ड (हे रॉबर्ट रेदरफर्ड, अणुकेंद्र शोधणारे ते वेगळे) यांना हायड्रोजनच्या दोन पातळ्यांमध्ये सुमारे १००० मेगाहर्ट्झचे अंतर आढळले. डिरॅक यांच्या समीकरणानुसार त्या पातळ्या तंतोतंत एकाच उंचीवर असायला हव्या होत्या. त्याच विद्यापीठात नेफ, नेल्सन आणि राबी यांनी हायड्रोजनच्या मूळ पातळीतील अतिसूक्ष्म विभाजन (त्या पातळीचे दोन अगदी जवळच्या पातळ्यांत फुटणे) मोजले आणि तेही हिशेबापेक्षा थोडे जास्त भरले. इलेक्ट्रॉनचा 'जी' २ पेक्षा किंचित मोठा असला पाहिजे, हा तर्क तिथूनच सुरू झाला.

पुण्याच्या वाचकांना हे दुसरे मोजमाप जवळचे वाटावे, कारण ते विभाजन म्हणजेच १४२० मेगाहर्ट्झची, २१ सेंटिमीटर तरंगलांबीची हायड्रोजनची रेषा. नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या जी रेषा टिपतात तीच ही. विश्वातील हायड्रोजनचा नकाशा या रेषेवरून काढतात हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. क्यूईडीची घडी बसवायला हीच रेषा कारणीभूत झाली हे मात्र फारसे सांगितले जात नाही. यातून माझा प्रश्न असा: १९४७ नंतर अनंताचे नेमके काय केले गेले, आणि ते न्याय्य आहे का?

नारायणगावकर

धागा उत्तम. मी सैद्धांतिक बाजूचा माणूस नाही, रेडिओ संग्राहकांशी माझा संबंध आहे, त्यामुळे त्या रेषेविषयीच लिहितो.

प्रयोगशाळेत ही वारंवारता १४२०.४०५७५१ मेगाहर्ट्झ भरते, आणि पुढचेही बरेच अंक ठाऊक आहेत. रेडिओ खगोलशास्त्रात आम्ही मोजलेला आकडाच वापरतो, सिद्धांतातून काढलेला नाही. तरीही एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. आजचे स्थिरांक घेऊन, पण 'जी' बरोबर २ धरून हे विभाजन काढले, तर उत्तर सुमारे १४१८.८ मेगाहर्ट्झ येते. म्हणजे फरक साधारण १.६ मेगाहर्ट्झचा. ऐकायला तो किरकोळ वाटेल. परंतु या रेषेवर सेकंदाला एक किलोमीटर वेग म्हणजे वारंवारतेत अवघा ४.७ किलोहर्ट्झ फरक. त्या मापाने १.६ मेगाहर्ट्झचा अर्थ होतो सेकंदाला तीनशे किलोमीटरहून अधिक! सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती ज्या वेगाने फिरतो त्याच्याहूनही हा आकडा मोठा आहे. प्रयोगशाळेतील मोजमाप हाती नसते आणि डिरॅक यांचा आकडा प्रमाण मानून कोणी निरीक्षणे केली असती, तर सगळ्या दिशांचा हायड्रोजन आपल्याकडे धाव घेत असल्याचे दिसले असते.

अपग्रेड झालेल्या जीएमआरटीचा सर्वांत वरचा पट्टा सुमारे १४५० मेगाहर्ट्झपर्यंत जातो आणि त्यात किलोहर्ट्झच्या पातळीवरचे वाहिन्यांचे विभाजन सहज होते. तीस तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची, अशा यंत्रणेला क्यूईडीची ही दुरुस्ती म्हणजे ठळक गोष्ट आहे, दशांशाच्या कोपऱ्यातली नव्हे.

तर्कनिष्ठ

दोन्ही प्रतिसाद वाचले. मोजमापांबद्दल माझी शंका नाही. शंका पद्धतीबद्दल आहे आणि ती माझ्या एकट्याची नाही. ज्या डिरॅक यांनी या विषयाचा पाया घातला, त्यांनीच रीनॉर्मलायझेशन, म्हणजे अनंत वजा करण्याची ही पद्धत, कधी मनापासून मान्य केले नाही. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर त्यांचे मत बदलले नव्हते. एखादी राशी लहान आहे म्हणून ती सोडून देणे हे गणितात समजू शकते. ती अनंत आहे आणि आपल्याला नको आहे म्हणून सोडून देणे समजू शकत नाही, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. अनंतातून अनंत वजा केल्यास बाकी हवी ती काढता येते. मग प्रयोगात जो आकडा आला तोच हिशेबातून निघावा अशी वजाबाकी लोकांनी केली नसेल कशावरून?

निवृत्त_अध्यापक

आक्षेप योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

जून १९४७ मध्ये शेल्टर आयलंडच्या परिषदेत लॅम्ब यांचा निष्कर्ष चर्चेला आला. तिथून निघाल्यावर हान्स बेथे न्यूयॉर्कहून स्केनेक्टडीला रेल्वेने गेले आणि त्या प्रवासात त्यांनी हिशेब मांडला. त्यांचा विचार असा. अणूत बांधलेल्या इलेक्ट्रॉनची स्वतःच्या फोटॉनांमुळे बदलणारी ऊर्जा अनंत येते, हे खरे. पण मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या बाबतीतही तीच क्रिया चालू असते, आणि तिचा परिणाम आपण इलेक्ट्रॉनचे वस्तुमान म्हणून जे काही मोजतो त्यात आधीच मिळालेला असतो. तो पुन्हा धरला तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाईल. म्हणून बांधलेल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेतून मोकळ्याची वजा करायची. ही वजाबाकी केल्यावर उरलेली राशी इतकी हळू वाढते, म्हणजे केवळ लॉगरिदमने, की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉनच्या वस्तुमान-ऊर्जेपाशी तोडली तरी अर्थपूर्ण आकडा मिळतो. बेथे यांना १०४० मेगाहर्ट्झ मिळाले. आजचे मोजमाप १०५७.८ आहे.

मार्केट यार्डात माल बारदानासकट काट्यावर चढतो आणि मग बारदानाचे वजन कापतात. तिथे रिकामे पोते वेगळे तोलता येते. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत ती सोय नाही. फोटॉनांच्या वेढ्याशिवायचा इलेक्ट्रॉन कोणत्याही काट्यावर कधी चढलेला नाही आणि चढणारही नाही. त्यामुळे 'उघड्या' इलेक्ट्रॉनचे वस्तुमान आणि 'वेढ्याचे' वस्तुमान हे दोन वेगळे आकडे आपण कागदावर लिहितो, पण निसर्गात त्यांची बेरीजच तेवढी भेटते. अनंत येते ते या बेरजेचे तुकडे पाडल्यामुळे.

आता 'हवी ती बाकी' या मुद्द्याकडे येतो. क्यूईडीत वजाबाकीचे स्वातंत्र्य दोनच ठिकाणी आहे: इलेक्ट्रॉनचे वस्तुमान आणि त्याचा विद्युतभार. हे दोन आकडे प्रयोगातून एकदा घेतले की हातातले सगळे स्वातंत्र्य संपते. त्यानंतर लॅम्ब यांचे अंतर, 'जी' मधली वाढ, प्रकाशाचे इलेक्ट्रॉनवरून होणारे विकिरण (विखुरणे), पॉझिट्रॉनियमचे (इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांच्या बांधलेल्या जोडीचे) आयुष्य, यांपैकी एकाही ठिकाणी नवी वजाबाकी करण्याची मुभा नाही. सगळीकडे मर्यादित उत्तर येते आणि ते बदलता येत नाही. फ्रीमन डायसन यांनी १९४९ मध्ये श्विंगर, फाइनमन आणि टोमोनागा यांच्या तीन वेगवेगळ्या दिसणाऱ्या पद्धती एकच आहेत हे दाखवले आणि ही वजाबाकी प्रत्येक पायरीला पुरी पडते याची मांडणीही केली. टोमोनागा यांनी आपले मूळ काम युद्धकाळात टोकियोत, अमेरिकेतील घडामोडींशी संपर्क नसताना केले होते. एकमेकांना न विचारता दोघे जण एकाच उत्तरावर येतात तेव्हा सोयीच्या वजाबाकीचा संशय बराच कमी होतो, असे मला वाटते.

वजा केलेला भाग काल्पनिक नाही, याचा एक पुरावाही देतो. निर्वातात क्षणभर निर्माण होणाऱ्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्या विद्युतभाराला अंशतः झाकतात. यामुळे लॅम्ब यांच्या अंतरात सुमारे उणे २७ मेगाहर्ट्झ इतका वाटा येतो, आणि तो धरला नाही तर प्रयोग जुळत नाही. याच कारणाने जितके जवळ जाऊन पाहावे तितका भार मोठा दिसतो: सूक्ष्मरचना स्थिरांक (विद्युत क्रियेची ताकद सांगणारा आकडा) आपल्या रोजच्या ऊर्जेला १/१३७ आहे, तर झेड कणाच्या ऊर्जेपाशी तो सुमारे १/१२८ भरतो. बदलणारी ही राशी मोजली गेली आहे.

मुळामुठा

सर, फार स्पष्ट लिहिले आहे. मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. 'जी' मधली वाढ किती आणि ती हिशेबात कशी उतरते, हे कोणी आकड्यांसकट दाखवेल का? आमच्याकडे पहिल्या पायरीवरच प्रकरण संपते.

वेताळटेकडी

मुळामुठा, हे मी लिहितो; गणकयंत्र जवळ घेऊन पडताळत जावे.

'जी'चा अर्धा घेतला तर डिरॅक यांच्या समीकरणाप्रमाणे १ यायला हवा. त्याच्यावर जे उरते ती वाढ. सूक्ष्मरचना स्थिरांकाला अल्फा म्हणू. त्याची किंमत १ भागिले १३७.०३६.

पहिली पायरी, म्हणजे एकच फोटॉन सोडून परत घेतला: श्विंगर यांनी १९४८ मध्ये काढलेले उत्तर अल्फा भागिले दोन पाय (π), म्हणजे ०.००११६१४१०.

दुसरी पायरी, म्हणजे सात आकृत्या (फाइनमन यांच्या पद्धतीची प्रत्येक आकृती म्हणजे फोटॉनांच्या देवघेवीची एक शक्यता): अल्फा भागिले पाय याचा वर्ग, गुणिले उणे ०.३२८४७९. हा वाटा उणे ०.०००००१७७२. बेरीज झाली ०.००११५९६३७.

तिसरी पायरी, बहात्तर आकृत्या: त्याच राशीचा घन गुणिले अधिक १.१८१२४१. वाटा अधिक ०.०००००००१४८. बेरीज ०.००११५९६५२२.

एका इलेक्ट्रॉनला विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या सापळ्यात धरून गॅब्रिएल्स यांच्या गटाने २०२२-२३ मध्ये दिलेले मोजमाप ०.००११५९६५२१८०५९. तीन पायऱ्यांतच आपण दहाव्या दशांशस्थळापर्यंत पोचलो. चौथ्या पायरीला ८९१ आकृत्या आहेत आणि पाचव्या पायरीला १२,६७२; पाचवीचा मोठा भाग तोइचिरो किनोशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर अंकगणिती पद्धतीने काढला.

हे मोजमाप इतके अचूक का होऊ शकते, तेही पाहण्यासारखे आहे. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन वर्तुळाकार फिरतो आणि त्याच वेळी त्याच्या स्पिनचा (अंगभूत फिरकीचा) अक्षही फिरतो. 'जी' बरोबर २ असता तर दोन्हींची वारंवारता तंतोतंत एकच झाली असती. म्हणून या दोन वारंवारतांमधला फरक थेट मोजला की ती हजारातल्या एका भागाची वाढच हाती येते, आणि आधीचे तीन अंक फुकट मिळतात.

तर्कनिष्ठ यांच्या शंकेला धरून एक इतिहास इथेच सांगतो. दुसऱ्या पायरीचा गुणक कार्प्लस आणि क्रोल यांनी १९५० मध्ये प्रथम काढला तो उणे २.९७३ असा होता, आणि त्या वेळच्या प्रयोगांना तो खटकत नव्हता. पुढे नवे मोजमाप त्याच्याशी पटेना. १९५७ मध्ये पीटरमान आणि सॉमरफील्ड यांनी स्वतंत्रपणे पुन्हा हिशेब केला, तेव्हा आजचा उणे ०.३२८ हा गुणक मिळाला. हिशेब चुकला होता तेव्हा प्रयोगाने तो चुकीचा ठरवला. हवी ती बाकी काढण्याची सोय असती तर सात वर्षांनी कोणाला काही खटकण्याचे कारणच नव्हते. मला हा प्रसंग क्यूईडीच्या बाजूचा सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

आयुका_श्रोता

पुण्यात हा विषय निघाला आणि जयंत नारळीकरांचे नाव आले नाही तर चर्चा अपुरी राहील. विश्वरचनेवरच्या कामामुळे आणि विज्ञानकथांमुळे सर आपल्या घराघरांत पोचले, पण क्यूईडीच्या मुळाशी जाणारे त्यांचे काम मराठीत फारच थोड्यांना माहीत आहे.

व्हीलर आणि फाइनमन यांनी १९४५ मध्ये वेगळाच मार्ग मांडला होता. क्षेत्र नावाची स्वतंत्र वस्तूच मानायची नाही. भारित कण एकमेकांवर थेट क्रिया करतात, आणि ती क्रिया भूतकाळाकडे व भविष्याकडे सारखीच जाते. कण स्वतःवर क्रिया करत नाही, त्यामुळे स्व-ऊर्जेचे अनंत जन्मालाच येत नाही. आपल्याला प्रकाश फक्त भविष्याकडे जाताना दिसतो, तो विश्वातील उरलेल्या सगळ्या कणांनी दिलेल्या प्रतिसादामुळे. यासाठी अट अशी की सोडलेले सर्व प्रारण भविष्यात कुठेतरी पूर्ण शोषले गेले पाहिजे.

इथे विश्वरचनाशास्त्र आत येते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला होगार्थ यांनी, आणि नंतर हॉईल व नारळीकर यांनी, ही अट प्रसरणशील विश्वाच्या कोणत्या प्रतिमानांत पाळली जाते हे तपासले. स्थिर स्थिती विश्वात (जे प्रसरण पावूनही सदैव सारखेच दिसते) ती पाळली जाते. नेहमीच्या महास्फोटाच्या, कायम प्रसरण पावणाऱ्या प्रतिमानांत नाही. पुढे १९६९ आणि १९७१ मध्ये हॉईल आणि नारळीकरांनी या सिद्धांताची क्वांटम आवृत्ती मांडली. तिच्यात अणूचे उत्स्फूर्त उत्सर्जन हे निर्वाताच्या थरथरण्यातून येत नाही. ते साऱ्या विश्वाच्या प्रतिसादातून येते. १९९५ मध्ये दोघांनी या सगळ्याचा विस्तृत आढावा घेतला.

टेबलावरच्या एका अणूने फोटॉन सोडायचा की नाही, याचा संबंध दूरच्या दीर्घिकांशी जोडण्याचे धैर्य ज्या माणसात होते, तो आपल्या शहरात राहिला, त्याने इथे आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली आणि २० मे २०२५ रोजी इथेच त्याने देह ठेवला. या कामावर मराठीत सविस्तर लेखन व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तर्कनिष्ठ

आयुका_श्रोता, हे माहीत नव्हते, आवर्जून वाचीन. कार्प्लस-क्रोल यांचा प्रसंगही माझ्या शंकेला बऱ्याच अंशी उत्तर देतो. तरी विचारतो: अनंत टाळणारा मार्ग उपलब्ध होता, तर बाकीच्यांनी तो का धरला नाही?

निवृत्त_अध्यापक

दोन कारणे दिसतात. पहिले हे की १९४७ च्या प्रयोगांनी इलेक्ट्रॉनची स्वतःवरची क्रिया खरी आहे असेच सुचवले. ती नाकारून निघालेल्या फाइनमन यांनी स्वतःच १९५० च्या सुमारास ती कल्पना सोडून दिली, जरी त्या वाटेवर सापडलेली गणिती हत्यारे त्यांनी जपली. हॉईल-नारळीकरांच्या आवृत्तीत हे परिणाम परत मिळतात, पण फार लांबच्या वळणाने. दुसरे कारण असे की तो सिद्धांत स्थिर स्थिती विश्वावर टेकलेला होता, आणि १९६५ मध्ये सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारण सापडल्यानंतर त्या विश्वाचे समर्थक फारच थोडे उरले.

खेरीज १९७० च्या दशकात केनेथ विल्सन यांच्या कामामुळे रीनॉर्मलायझेशनकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. क्यूईडी अंतिम सिद्धांत नाही. अतिसूक्ष्म अंतरावर तिच्या जागी दुसरे काही असणार. ते काय आहे हे माहीत नसले तरी त्याचा मोठ्या अंतरावरचा परिणाम मोजक्या स्थिरांकांतच साठतो, आणि बाकीचा अतिशय लहान असतो. बेथे यांनी १९४७ मध्ये ऊर्जा एका ठिकाणी तोडली ती अडचण म्हणून. आज आपण तसे तोडणे हाच प्रामाणिक मार्ग मानतो. डिरॅक यांच्या आक्षेपाचे खरे उत्तर माझ्या मते हे आहे, आणि त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या दशकातच ते आकाराला आले.

नारायणगावकर

होमी भाभांचाही उल्लेख व्हायला हवा. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या विकिरणाचे सूत्र त्यांनी केंब्रिजला असताना १९३० च्या दशकाच्या मध्यात काढले. पहिल्या पायरीचे असल्यामुळे त्यात अनंताचा त्रास नव्हता. आज इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन त्वरकांत शलाकांची तीव्रता ठरवायला भाभा विकिरणच मोजतात, कारण त्याचे क्यूईडीतले उत्तर सर्वांत भरवशाचे आहे.

मुळामुठा

वेताळटेकडी यांनी दिलेल्या पायऱ्या पडताळल्या, दहा स्थळांपर्यंत जुळतात. मग बाराव्या-तेराव्या स्थळाला सिद्धांत आणि प्रयोग जुळतात की नाही?

निवृत्त_अध्यापक

चांगला प्रश्न, आणि त्याचे आजचे उत्तर असे की ते अल्फा कोणाकडून घेता यावर अवलंबून आहे. अल्फा स्वतंत्रपणे मिळवण्यासाठी अणूवर लेझरचा फोटॉन आदळवून अणूला बसणारा धक्का मोजतात. बर्कलेतील गटाने २०१८ मध्ये सीझियमवरून अल्फाचा व्यस्त १३७.०३५९९९०४६ दिला, आणि पॅरिसच्या गटाने २०२० मध्ये रुबिडियमवरून १३७.०३५९९९२०६. फरक दहाव्या अंकात आहे, पण दोघांच्या सांगितलेल्या त्रुटीच्या मानाने तो पाचपटीहून मोठा आहे. यापैकी कोणता घ्यावा त्याप्रमाणे 'जी' मधली वाढ बाराव्या दशांशस्थळी बदलते, आणि गॅब्रिएल्स यांचे मोजमाप त्याहून दसपट बारीक आहे. म्हणजे या घडीला इलेक्ट्रॉनचा प्रयोग पुढे आहे, आकृत्यांचा हिशेबही पुढे आहे, आणि दोघांनाही अडवून बसला आहे तो धक्क्याच्या मोजमापातला हा विसंवाद. तुम्हाला प्रयोगाची आवड असेल तर थंड अणूंच्या व्यतिकरणमापनाकडे जरूर वळा. पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेतही थंड अणूंवर काम चालते.